यांत्रिक जुळणीच्या दृश्यांची व्यवस्था

यंत्र आणि यंत्राचे चित्र या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्वतः कोणीही मान्य करील. तथापि संगणकाच्या पडद्यावर यंत्राची जुळणी करावयास बसलेला विद्यार्थी हा भेद फार लवकर विसरतो. कागदावर आरेखन करणाऱ्यास तो विसरता येत नसे. कारण कागदावर होते ते केवळ चित्र, आणि यंत्र त्याच्या मनात होते. पडद्यावर मात्र फिरवता येईल, कापता येईल, उलगडता येईल असे काहीतरी प्रत्यक्ष वस्तूसारखे समोर उभे असते. जे दिसते तेच आहे आणि जे दिसत नाही ते नाही, अशी समजूत त्यातून नकळत होते. या समजुतीमुळे कोणते घोटाळे होतात आणि ते टळावेत यासाठी जुळणीच्या दृश्यांची व्यवस्था कशी शिकावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून एकलहरे येथील केंद्रासारख्या औष्णिक विद्युत् केंद्रातील एक यंत्र उदाहरणादाखल घेतले आहे.

१. उदाहरणाची निवड

नाशिकरोडच्या पूर्वेस असलेल्या एकलहरे येथे महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाने उभारलेल्या केंद्राचे पहिले दोन संच १९७० व १९७१ मध्ये सुरू झाले. ते आता निवृत्त झाले आहेत. प्रत्येकी २१० मेगावॅट क्षमतेचे पुढील तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर हे केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. याच परिसरात आज अभियांत्रिकी महाविद्यालय असून तेथील व अन्यत्रचे विद्यार्थी यंत्ररचना संगणकावर शिकतात. केंद्रातील यंत्रे मात्र ज्या काळी आरेखित झाली, त्या काळी आरेखन-फलक, टी-चौकट आणि ट्रेसिंग-कागद हीच आरेखकाची साधने होती. एका पिढीने कागदावर रचलेली यंत्रे दुसऱ्या पिढीने पडद्यावर समजून घ्यावयाची, असा हा योग आहे. म्हणूनच दृश्यांचा प्रश्न येथे केवळ अभ्यासक्रमाचा राहत नाही.

अशा केंद्रातील बॉयलर फीड पंप हे यंत्र आपल्या कामास सोयीचे आहे. बॉयलरमध्ये जेवढा दाब असेल त्याहून अधिक दाबाने त्यात पाणी ढकलणे हे या पंपाचे कार्य. एका इंपेलरने एवढा दाब निर्माण होत नाही. म्हणून एकाच शाफ्टवर अनेक इंपेलर ओळीने बसवलेले असतात आणि प्रत्येकाभोवती डिफ्यूजर असतो. हा सारा संच बाहेरच्या जाड नळकांड्यात, म्हणजे बॅरलमध्ये, असतो. बॅरल नळमार्गाला कायमचे जोडलेले राहते. आतील संच, ज्यास कार्ट्रिज म्हणतात, तो शाफ्टच्या दिशेने ओढून बाहेर काढता येतो. दोन्ही टोकांस बेअरिंगे व मेकॅनिकल सील, आणि पाण्याच्या दाबामुळे शाफ्टवर येणारा अक्षीय रेटा सांभाळण्यासाठी बॅलन्स ड्रम व थ्रस्ट बेअरिंग असते. फिरते व स्थिर भाग यांमधील फट मिलिमीटरच्या दशांशांत मोजावयाची आणि शाफ्टने मिनिटास काही हजार फेरे घ्यावयाचे, अशी ही नाजूक बाब आहे. हा पंप बिघडला तर बॉयलरच्या पाणीपुरवठ्यावर परिणाम होतो. म्हणून त्याच्या दुरुस्तीस लागणारा प्रत्येक तास मोलाचा असतो.

२. वस्तू एक, दृश्ये अनेक

त्रिमितीय वस्तू सपाट कागदावर निःसंदिग्धपणे कशी मांडावी, याचे शास्त्र फ्रेंच गणितज्ञ गास्पार मॉंझ याने अठराव्या शतकात सिद्ध केले आणि त्यावरील त्याचा ग्रंथ १७९९ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरून, वरून व बाजूने पाहिलेली दृश्ये परस्परांशी निश्चित नियमाने जोडली की वस्तू पूर्णपणे सांगता येते, हे त्याचे सार. भारतीय मानक ब्यूरोची अभियांत्रिकी आरेखनासंबंधीची एसपी ४६ ही पुस्तिका विद्यालये व महाविद्यालये यांच्यासाठी असून तिच्यात प्रथम-कोन प्रक्षेपणाची पद्धत स्वीकारलेली आहे. या परंपरेत प्रत्येक दृश्य स्वतंत्रपणे काढावे लागे. समोरील दृश्यात छिद्र सरकवले आणि वरील दृश्यात ते सरकवावयाचे राहिले, तर एकाच कागदावर दोन विसंगत वस्तू तयार होत.

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड याने मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ‘स्केचपॅड’ हा कार्यक्रम सादर केला. त्यात एक मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती वापरता येत, आणि मूळ आकृती बदलली की साऱ्या प्रती आपोआप बदलत. वस्तू एके ठिकाणी साठवावी आणि तिची दर्शने कितीही असावीत, या कल्पनेचे बीज तेथे दिसते. १९८०–९० या दशकाच्या अखेरीपासून प्राचलाधिष्ठित घनप्रतिमानाच्या प्रणाली बाजारात आल्या आणि ही कल्पना सामान्य आरेखकाच्या हाती पडली. आज जुळणीच्या फाइलीत मूलतः दोन गोष्टी असतात: कोणते सुटे भाग वापरले आहेत याची नोंद, आणि ते परस्परांशी कोणत्या बंधांनी जोडले आहेत याची नोंद. दृश्य ही या दोहोंवर आधारलेली तिसरी गोष्ट होय. दृश्य बदलल्याने पहिल्या दोन बदलतात की नाही, हा प्रश्न प्रत्येक आज्ञेपूर्वी स्वतःस विचारणे, हीच दृश्यव्यवस्थेची गुरुकिल्ली आहे.

३. बंध आणि स्वातंत्र्य

अवकाशात मोकळ्या असलेल्या घन वस्तूस सहा प्रकारची हालचाल शक्य असते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. बंध, ज्यास बहुतेक प्रणालींत ‘मेट’ किंवा ‘कन्स्ट्रेंट’ म्हणतात, या स्वातंत्र्यांतील काही काढून घेतो. पंपाच्या शाफ्टचा अक्ष बेअरिंगच्या अक्षाशी एकरूप केला की चार स्वातंत्र्ये जातात. शाफ्ट फिरू शकतो आणि अक्षाच्या दिशेने सरकू शकतो. थ्रस्ट कॉलरचा पृष्ठभाग थ्रस्ट पॅडला टेकवला की सरकणेही थांबते आणि केवळ फिरणे उरते. प्रत्यक्ष पंपातही शाफ्टची स्थिती नेमकी याच पद्धतीने ठरते. चांगल्या जुळणीतील बंध यंत्राच्या कार्याचे वर्णन करतात, असे म्हणतात ते या अर्थाने.

आता विद्यार्थ्याने आतील इंपेलर नीट दिसावेत म्हणून थ्रस्ट कॉलर ‘काढून टाकली’ असे समजू. ती कशी काढली, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

४. लपवणे आणि निलंबित करणे

भाग नजरेआड करण्याचे दोन मार्ग प्रणाली देते. पहिल्यास ‘हाइड’ म्हणतात. त्यास लपवणे म्हणू. दुसऱ्यास ‘सप्रेस’ म्हणतात. त्यास निलंबन म्हणू. पडद्यावर दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो आणि म्हणूनच नवशिक्या त्यांत भेद करीत नाही.

लपवलेला भाग जुळणीत असतो. केवळ रंगवला जात नाही. त्याचे बंध कायम राहतात, भागसूचीत त्याची नोंद राहते. थ्रस्ट कॉलर लपवली तर शाफ्ट जागचा हलत नाही. निलंबित भाग मात्र त्या अवस्थेपुरता जुळणीतून वगळला जातो आणि त्याच्याबरोबर त्याचे बंधही वगळले जातात. थ्रस्ट कॉलर निलंबित केली की शाफ्टचे सरकणे पुन्हा मोकळे होते. चुकून माउसने तो ओढला गेला तर इंपेलरचे मुख डिफ्यूजरच्या मुखासमोर राहत नाही. चित्र तरीही सुबकच दिसते. या अवस्थेत मोजलेले अंतर, काढलेले वजन किंवा केलेली परस्परप्रवेशाची तपासणी ही त्या पंपाची नसते. कॉलर नसलेल्या एका काल्पनिक पंपाची असते.

वजन आणि परस्परप्रवेश यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. लपवलेले भाग गणनेत धरावयाचे की सोडावयाचे, हा काही प्रणालींत स्वतंत्र पर्याय असतो. तो पाहिल्याविना आलेला आकडा स्वीकारू नये. कार्ट्रिज उचलण्यासाठी क्रेनची निवड जर अशा आकड्यावरून झाली, तर चूक पडद्यावर राहत नाही, ती साखळीला टांगली जाते.

हा गोंधळ केवळ विद्यार्थ्यांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. ऑटोडेस्कच्या इन्व्हेंटर या प्रणालीत पूर्वी ‘लेव्हल ऑफ डिटेल’ नावाची सोय होती. तीत निलंबित केलेला भाग स्मृतीतून वगळला जाई, परंतु भागसूचीत राही. कारण त्या सोयीचा हेतू संगणकावरील भार हलका करणे एवढाच होता. अनेकांनी तिचा उपयोग एकाच यंत्राचे निरनिराळे प्रकार दाखविण्यासाठी करावा आणि भागसूची मात्र जुळू नये, असे घडत असे. २०२२ च्या आवृत्तीत तिच्या जागी ‘मॉडेल स्टेट’ ही व्यवस्था आली आणि तीत निलंबित भाग भागसूचीतूनही जातो. सॉलिडवर्क्समध्ये हाच भेद दोन नावांनी सांभाळला आहे: भाग आहे की नाही हे ‘कॉन्फिगरेशन’ ठरवते, आणि तो कसा दिसावा हे ‘डिस्प्ले स्टेट’ ठरवते. क्रिओमध्ये ‘सिंप्लिफाइड रिप्रेझेंटेशन’ हा संक्षेपाचा मार्ग आहे. नावे पाठ करून लाभ नाही. नवी प्रणाली हाती आली की त्यांतील कोणती आज्ञा वस्तूस स्पर्श करते आणि कोणती केवळ दर्शनास, हे प्रथम शोधून काढावे.

निलंबनाचा मोह बहुधा संगणक मंदावल्यामुळे होतो. शेकडो बोल्ट असलेली जुळणी फिरवताना पडदा अडखळतो आणि विद्यार्थी बोल्ट निलंबित करतो. त्यापेक्षा भाग हलक्या स्वरूपात उघडण्याची जी सोय बहुतेक प्रणालींत असते ती वापरावी. अथवा निलंबन करावयाचेच असेल तर त्यासाठी स्वतंत्र, नाव दिलेली अवस्था करावी आणि मूळ अवस्थेस हात लावू नये.

५. छेददृश्य

पंपाचे खरे मर्म आत आहे; त्यामुळे छेददृश्यावाचून त्याचे आकलन होत नाही. येथेही प्रणाली वस्तू कापीत नाही, केवळ एका पातळीच्या अलीकडचे रंगवणे थांबवते. तथापि प्रणालीचा छेद आणि आरेखनशास्त्राचा छेद यांत एक महत्त्वाचा फरक आहे. प्रणालीस सर्व भाग सारखेच. ती शाफ्टही उभा चिरते. आरेखनाचा संकेत असा की शाफ्ट, बोल्ट, नट, चावी, पिन हे भाग छेदाची पातळी त्यांच्या लांबीतून जात असली तरी न कापलेले दाखवावेत. हा संकेत सौंदर्यासाठी नाही. शाफ्ट कापून रेषांकित केला की तो इंपेलरच्या रेषांकित भागात मिसळतो आणि फिरते काय व स्थिर काय हे वाचकास ओळखू येत नाही. शेजारच्या भागांचे रेषांकन विरुद्ध दिशांना असावे आणि एकाच भागाचे सर्वत्र सारखे असावे, हाही संकेत त्याच हेतूने आहे. हे भाग छेदातून वगळण्याची सोय प्रणालींत असते. ती वापरण्याची जबाबदारी मात्र आरेखकाची असते.

६. विलग दृश्य

सुटे भाग त्यांच्या क्रमाने एकमेकांपासून दूर मांडून दाखवणे, यास कारखान्यात ‘एक्स्प्लोडेड व्ह्यू’ म्हणतात. येथे त्यास विलग दृश्य म्हटले आहे. विद्यार्थ्यांस हे दृश्य सर्वांत आकर्षक वाटते आणि सर्वांत कमी समजलेले असते.

विलग दृश्यात भाग सरकतात, परंतु बंध मोडत नाहीत; कारण हे सरकणे दृश्यापुरते असते. दृश्य मिटले की प्रत्येक भाग आपल्या बंधांनी ठरलेल्या जागी परततो. ही त्याची सोय आहे आणि तीतच धोका आहे. विलग दृश्याच्या पायऱ्या रचताना भाग एकमेकांतून आरपार गेले तरी प्रणाली सामान्यतः हरकत घेत नाही. जे प्रत्यक्षात अशक्य आहे ते पडद्यावर निर्विघ्न पार पडते.

पंपाचेच पाहू. ज्या कार्ट्रिजातील टप्प्यांची कवचे वलयाकार व अखंड असतात, त्यात इंपेलर आणि डिफ्यूजर एकाआड एक बसतात. पहिल्या टप्प्याचे कवच काढल्याविना दुसरा इंपेलर निघत नाही. परंतु विद्यार्थी सर्व इंपेलर एका झटक्यात निवडतो, ते अक्षाच्या दिशेने ओढतो, नंतर सर्व कवचे दुसऱ्या दिशेस ओढतो. दृश्य नीटनेटके होते आणि पंप त्या क्रमाने उघडणे मात्र कोणत्याही मनुष्यास शक्य नसते. काही पंपांत इंपेलर शाफ्टवर तप्त बसणीने घट्ट केलेले असतात. ते काढावयास उष्णता द्यावी लागते. दृश्यात तो भाग नुसता घसरतो. हे चित्र पाहून क्रम ठरविणाऱ्या जोडाऱ्याची फसगत होते, आणि क्वचित जोर लावून भाग सोडविण्याच्या प्रयत्नात घासणारे पृष्ठभाग बिघडतात.

यावरून विलग दृश्याची कसोटी निश्चित करता येते. दृश्यातील प्रत्येक पायरी हे एक विधान आहे: ‘या क्षणी हा भाग या दिशेने निघतो.’ हे विधान खरे असेल तरच पायरी ठेवावी. याची परीक्षा सोपी आहे. दृश्य शेवटून आरंभाकडे चालवावे. ते पंप बांधण्याच्या क्रमाशी जुळले तर बहुधा योग्य आहे, जेथे अडते तेथे चूक आहे.

७. शिकण्याचा क्रम

वरील विवेचनातून अध्यापनास उपयोगी असा एक क्रम निघतो. विद्यार्थ्यास आज्ञांची यादी देण्याऐवजी एकच जुळणी देऊन तिची पाच दृश्ये, पाच निरनिराळ्या वाचकांसाठी, तयार करावयास सांगावे.

पहिले दृश्य पायाचे काम करणाऱ्यासाठी: बाह्यरूप, पायाचे बोल्ट, नळमार्गाची तोंडे. येथे आतील भाग लपवावेत, निलंबित करू नयेत. दुसरे दृश्य तपासनिसासाठी: अक्षातून घेतलेला छेद, फटी मोजता येतील अशा आकारात. तिसरे दृश्य समतोलन करणाऱ्यासाठी: केवळ फिरता संच, म्हणजे शाफ्ट, इंपेलर, बॅलन्स ड्रम, थ्रस्ट कॉलर आणि कपलिंगचा अर्धा भाग. येथे वजन काढावयाचे असल्याने कोणते भाग गणनेत आहेत हे लिहून ठेवावे. चौथे दृश्य जोडाऱ्यासाठी: विलग दृश्य, खऱ्या क्रमाने. पाचवे दृश्य इमारतीचा विचार करणाऱ्यासाठी: कार्ट्रिज पूर्ण बाहेर ओढलेल्या स्थितीत, जवळची भिंत, शेजारचा पंप आणि क्रेनचा आकडा यांसह.

हे पाचवे दृश्य विलग दृश्याहून भिन्न आहे, ही गोष्ट विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढावी. येथे कार्ट्रिज खरोखरच दुसऱ्या जागी असते. म्हणून बंधाचे अंतर बदललेली स्वतंत्र स्थिती करावी लागते आणि तीत परस्परप्रवेशाची तपासणी अर्थपूर्ण ठरते. बॅरलच्या रचनेचा सारा लाभ कार्ट्रिज नळमार्गास धक्का न लावता काढता येणे हा आहे. तयार ठेवलेले दुसरे कार्ट्रिज बसवून काम लवकर सुरू करता येते. भिंत हातभर जवळ आली तर तो लाभ नाहीसा होतो, आणि ते पडद्यावर आधी न पाहिल्यास दुरुस्तीच्या दिवशी कळते.

प्रत्येक दृश्यास नाव द्यावे, आणि ते नाव वाचक सांगणारे असावे. ‘दृश्य १’, ‘दृश्य १ नवे’, ‘दृश्य १ अंतिम’ अशी नावे सहा महिन्यांनी करणाऱ्यासही उमगत नाहीत. कागदावरील आरेखन ज्या दृश्यावरून काढले असेल त्या दृश्यात पुढे बदल केला की आरेखनही बदलते. म्हणून प्रसृत केलेल्या आरेखनाचे दृश्य कुलूपबंद करावे किंवा त्याची प्रत घेऊन प्रतीत काम करावे. मूळ अवस्था सदैव पूर्ण असावी: सर्व भाग उपस्थित, सर्व बंध चालू, काहीही निलंबित नाही. अन्य साऱ्या अवस्था तिच्यापासून निघाव्यात व तिच्याकडे परत जाता यावे.

महागडी प्रणाली नसल्यामुळे हा अभ्यास अडण्याचे आता कारण नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत जुळणीचा स्वतंत्र विभाग अंतर्भूत असून त्यात सांधे, विलग दृश्य आणि भागसूची या सोयी आहेत. ती विनामूल्य आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयासही वरील पाच दृश्यांचा पाठ तीवर घेता येईल.

८. समारोप

आरेखन-फलकावर काम केलेल्या पिढीस तीन दृश्यांतून एक यंत्र मनात उभे करावे लागे, आणि त्या श्रमात यंत्र व चित्र यांतील अंतर सतत जाणवत राही. आजच्या विद्यार्थ्यास ते श्रम नाहीत. परंतु ते अंतर नाहीसे झालेले नाही. ते आता आज्ञांच्या नावांआड गेले आहे. लपवणे आणि निलंबित करणे, कापणे आणि कापल्यासारखे दाखवणे, सरकवणे आणि सरकल्यासारखे दाखवणे, या जोड्यांतील भेद ज्यास स्पष्ट झाला त्यास दृश्यव्यवस्था आली असे म्हणावे. ज्यास तो झाला नाही, त्याच्या आरेखनावरून पंप उघडण्याचे काम कोणा जोडाऱ्यावर येईल, हे अध्यापकाने विसरू नये.